हॉलला टाइल्सच्या पेट्या बारा की पंधरा?

प्रश्न : हॉल १२ बाय १५ फुटांचा आहे. दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायच्या आहेत. दुकानदार म्हणतो, १२ पेट्या पुरतील. मिस्त्री १५ मागतोय. खरं कुणाचं?

उत्तर : मिस्त्रीचं. दुकानदारानं पेटीत चार टाइल्स, म्हणजे १६ चौरस फूट धरून १८० चौरस फुटांना १६ नं भागलं, सव्वाअकरा आले, बारा सांगून मोकळा झाला. मुळात 'दोन बाय दोन' ही टाइल ६०० मिमीची असते, दोन फुटांना जवळपास १० मिमी कमी. चार टाइल्सच्या पेटीवर १.४४ चौ. मी. छापलेलं असतं, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. पण हा फरक किरकोळ. हिशेब चुकतो तो कडेच्या तुकड्यांत, त्यामुळे क्षेत्रफळ सोडा आणि ओळी मोजा.

१२ फूट म्हणजे ३६५८ मिमी. २ मिमीचे सांधे धरून सहा अख्ख्या टाइल्स लावल्या की भिंतीशी ४६ मिमीची पट्टी उरते. इतकी बारीक पट्टी कापताना तुटते, आणि भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसेल (बहुतेक घरांत नसतेच) तर एका टोकाला ४६ आणि दुसऱ्या टोकाला ३० अशी निमुळती दिसते. म्हणून जाणता मिस्त्री मधे पाच अख्ख्या ठेवून दोन्ही कडांना ३२३ मिमीचे तुकडे घेतो. एका टाइलमधून असा एकच तुकडा निघतो, उरलेला २७७ चा समोरच्या कडेला अपुरा पडतो. म्हणजे ओळीला ७ टाइल्स. १५ फुटांत सात अख्ख्या आणि एक ३५८ मिमीचा तुकडा, म्हणजे ८ ओळी. सात आठे छप्पन्न, बरोबर १४ पेट्या. एक पेटी तुटफुटीला.

ते २७७ चे तुकडे फेकू देऊ नका. प्रत्येकातून चार इंची स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावायच्या, दोन पट्ट्या निघतात. दाराचे ३ फूट वजा जाता ५१ फूट स्कर्टिंगला २६ पट्ट्या लागतात, त्या यातच भागतात. फक्त कापलेली कड खाली घ्यायला सांगा. जिथे ती वर येईल तिथे घासून घ्यावी लागते.

बारीक पट्टी सोफ्यामागे लपणार असेल तर जमिनीला ४८ टाइल्स पुरतील. पण मग स्कर्टिंगसाठी आणखी चारेक अख्ख्या टाइल्स फाडाव्या लागतात. १३ पेट्या झाल्याच, वाचली ती एक.

प्रश्न : उरलेल्या टाइल्स परत करू का?

उत्तर : न फोडलेली पेटी परत घेणार का, हे आधीच विचारून बिलावर लिहून घ्या. तरी चार टाइल्स घरात ठेवाच. पेटीवर शेड आणि बॅच नंबर असतो. पुढे एखादी टाइल फुटली तर त्याच बॅचची मिळणं अवघड, आणि दुसऱ्या बॅचची जोडली की रंगातला फरक उजेडात लगेच दिसतो. पेट्या घेतानाही सगळ्यांवरचा नंबर एकच आहे ना, हे टेम्पोत चढवण्याआधी बघा.