स्टेरॉइड पाठ करू नकोस, काड्यांनी मांड

बाळा, काल तू कोलेस्टेरॉलची आकृती घोकत होतास, ते बघून राहवलं नाही. मी एमएस्सीला होते तेव्हा राजवाड्याजवळ पोहे खाताना मैत्रिणीनं टेबलावर आगपेटीच्या वीस काड्या मांडून मला हे शिकवलं. कोलेस्टेरॉलसारख्या सगळ्या स्टेरॉइडचा सांगाडा म्हणजे तीन षटकोन, एक पंचकोन, कडा सामाईक. कोपरे मोज: बरोबर 17 कार्बन. तिसरा षटकोन मात्र पहिल्या दोघांच्या रेषेत ठेवू नकोस, वर वळव. सगळे इथंच चुकतात.

आता सांगाड्यावरचे दागिने बघ. 10 आणि 13 क्रमांकाच्या कार्बनवर उभी राहिलेली छोटी रेघ म्हणजे हायड्रोजन नव्हे, अख्खा मिथाइल गट (CH₃). 3 वर हायड्रॉक्सिल (OH), 5 आणि 6 मध्ये दुहेरी बंध, 17 वर आठ कार्बनांची शेपटी: झालं कोलेस्टेरॉल, 27 कार्बन. शेपटी जाऊन 17 वर हायड्रॉक्सिल, 3 वर कीटोन (C=O) आणि दुहेरी बंध सरकून 4-5 मध्ये आला की टेस्टोस्टेरॉन, पुरुषांचं संप्रेरक. त्यातला 10 वरचा मिथाइल गेला आणि पहिलं कडं, म्हणजे पहिला षटकोन, बेंझिनसारखं झालं की एस्ट्रॅडिओल, स्त्रियांचं संप्रेरक. एवढ्याशा फरकानं केवढा फरक!

ड जीवनसत्त्वाची तर गंमतच. ते याच सांगाड्यातून बनतं, पण उन्हानं दुसरं कडं 9 आणि 10 च्या मध्ये उघडतं, त्यामुळे तिथं चार कडी शोधत बसू नकोस.

आणि चुकलं तर लाजू नकोस. विलांड आणि विंडाउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना 1927 आणि 1928 ची नोबेलं मिळाली, तरी त्यांनी मांडलेली या सांगाड्याची रचना 1932 मध्ये दुरुस्त करावी लागली.

रविवारी ये, आगपेटी घेऊन. पोहे माझ्याकडून.