‘दृश्य प्रकाश दळणवळण’ म्हणावं का?

परभणीच्या एका विज्ञान शिक्षिकेने विचारलंय: उपग्रहावरचा दिवा उघडझाप करून जमिनीवर संदेश पाठवतो, त्या ‘व्हिजिबल लाइट कम्युनिकेशन’ला ‘दृश्य प्रकाश दळणवळण’ म्हणू का? की ‘दृश्य’ गाळून नुसतं ‘प्रकाश दळणवळण’ चालेल?

‘दळणवळण’ मी घेणार नाही. ‘दळणवळण उपग्रह’ हा शब्द रुळलाय, त्याला चूक म्हणत नाही. पण आपल्याकडे नदीला पूर आला की गावाचं दळणवळण तुटतं, तेव्हा एसटी, दूध, दवाखाना सगळंच त्यात येतं. दिवा फक्त निरोप पोचवतो. त्याला ‘संदेशवहन’ नेमका बसतो.

‘दृश्य’ मात्र गाळू नका, सगळं त्यावरच आहे. भौतिकशास्त्रातला ‘प्रकाश’ डोळ्यांना दिसतो त्याहून मोठा आहे. नासाने 2013 साली चंद्राभोवतीच्या यानावरून लेसरने सेकंदाला 622 मेगाबिट माहिती पृथ्वीवर आणली, पण तो लेसर अवरक्त होता. अवरक्त म्हणजे तांबड्याच्या खालचा, डोळ्यांना न दिसणारा. ते ‘प्रकाशीय संदेशवहन’ खरं, ‘दृश्यप्रकाश’ नव्हे. उलट जपानच्या फुकुओका इथल्या तंत्रज्ञान संस्थेचा ‘निवाका’ हा छोटा उपग्रह बघा. 10 सेंटिमीटरचा हा ठोकळा 2012 च्या ऑक्टोबरमध्ये अंतराळ स्थानकातून सोडला. त्याच्यावरचे एलईडी मोर्सच्या लिपीत, म्हणजे ठिपके-रेघांच्या खुणांत, लुकलुकत होते. खालून दुर्बीण लावणाऱ्यांना ती उघडझाप दिसली. हा खरा दृश्यप्रकाश.

हा फरक बोलीत आधीपासूनच आहे, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. रब्बीत रात्रीची लाइट असली की काका विहिरीवर स्टार्टरपाशी बसायचे आणि मी गव्हाच्या पार शेवटच्या वाफ्याला दारं धरायचो. मोटारीच्या आवाजात हाक ऐकू जायची नाही. भिजवून झालं की मी दोनदा बॅटरी मारायचो, काका मोटार बंद करायचे. घरी आल्यावर ते म्हणायचे, “उजेड दिसला बरं का तुझा.” प्रकाश नाही, उजेड. टीव्हीच्या रिमोटमधूनही अवरक्त प्रकाशच निघतो, पण त्याला कुणी उजेड म्हणणार नाही, कारण तो दिसत नाही. ‘उजेड’ या शब्दात ‘दृश्य’ आपोआप येतं.

लिहिताना एक जपा. ‘दृश्य प्रकाश संदेशवहन’ असे तीन तुकडे सुटे पडले तर ‘दृश्य’ कुणाचं विशेषण ते कळत नाही. मुलं ‘दृश्य संदेश’ म्हणजे व्हिडिओ समजतील. फळ्यावर ‘दृश्यप्रकाश-संदेशवहन’ असं जोडून लिहा, आणि तोंडी सांगताना ‘उजेडातून निरोप’ म्हणा.