वाचक विचारतात : मराठी कानाने कोरियन

सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. अक्षरांचे आकार शब्दांतच सांगितले आहेत, म्हणून हे पान वही-पेन्सिल घेऊन वाचावं.

कोरियन लिपी एका दिवसात येते असं ऐकलं. चिनीसारखी हजारो चिन्हं नसतात का? सुरुवात कुठून करू?
– विद्यार्थिनी, वाई

हजारो नाहीत. हांगुल म्हणजे कोरियन लिपी, आणि तिच्यात मूळ अक्षरं २४ : १४ व्यंजनं आणि १० स्वर. जोडून तयार होणारी धरली तर १९ व्यंजनं आणि २१ स्वर होतात. सेजोंग राजाने ही लिपी १४४३ साली तयार केली आणि १४४६ साली जाहीर केली. तेव्हा अक्षरं २८ होती. चार पुढे वापरातून गेली. त्याआधी कोरियात चिनी अक्षरांत लिहीत आणि सामान्य माणसाला ती शिकणं परवडत नसे. लिपीसोबतच्या ग्रंथात तिच्याबद्दल म्हटलं आहे की हुशार माणूस सकाळ सरायच्या आत शिकेल आणि मंद माणूस दहा दिवसांत. अक्षरओळखीपुरतं हे खरं आहे. भाषेला मात्र वर्षं लागतात.

सुरुवात पाच आकारांपासून करा. डावीकडे तोंड केलेला चेहरा बाजूने दिसतोय असं समजा. 'ग' म्हणताना जिभेचं मूळ उचलून घसा अडवतं, म्हणून आडवी रेघ काढून उजव्या टोकाशी खाली वळवायची. 'न'ला जिभेचं टोक वर टेकतं, म्हणून उभी रेघ खाली आणून उजवीकडे वळवायची. 'म' म्हणजे तोंडाचा चौकोन, 'स' म्हणजे दाताचे दोन तिरपे पाय आणि गोल म्हणजे घसा. बाकीची बहुतेक अक्षरं यांतच रेघ वाढवून होतात. 'ग'च्या पोटात आडवी रेघ दिली की 'ख'. 'न'च्या डोक्यावर छप्पर दिलं की 'द', त्यात मधली रेघ घातली की 'थ'.

चौकटीची गणिताची वही घ्या आणि एका चौकटीत शब्दाचा एकच अवयव (एका दमात म्हणायचा तुकडा) लिहा. उभ्या रेघेचा स्वर व्यंजनाच्या उजवीकडे जातो, आडव्या रेघेचा खाली. शेवटी व्यंजन असेल तर ते सगळ्यात तळाला. रेघा वरून खाली, डावीकडून उजवीकडे. गोल वरून सुरू करून डाव्या अंगाने फिरवायचा.

मराठी हाताची चूक ठरलेली असते. आपल्या 'क'मध्ये 'अ' दडलेला असतो, कोरियन व्यंजनात काहीच दडलेलं नसतं. शिवाय स्वर तिथे मात्रा नाही, पूर्ण अक्षर आहे. तो पहिला आला तर त्याच्या आधी मुका गोल लागतोच. तो गोल विसरला की शब्द अर्धवट दिसतो.

आमच्या भागातल्या गावांची नावं हांगुलमध्ये कशी लिहायची?
– शिक्षक, कराड

सगळ्यात सोपं वाई. दोन चौकटी. पहिलीत मुका गोल, खाली 'ओ', उजवीकडे 'आ' : 'ओ' आणि 'आ' मिळून 'वा' होतो. दुसरीत गोल आणि 'इ'.

साताऱ्याला तीन चौकटी, पण मधल्या 'ता'ला 'थ'चं अक्षर येतं. परकी नावं लिहिताना ताठ उच्चाराची (गळा आवळून म्हणायच्या क, त, प यांची) जोडअक्षरं सहसा वापरायची नाहीत असा तिकडचा नियम आहे. त्यामुळे कोरियन माणूस 'साथारा' वाचेल.

सांगलीत खरी गंमत आहे. पहिल्या चौकटीत स, आ आणि तळाला गोल. वर असताना मुका असलेला गोल तळाशी आला की 'ङ' होतो. दुसरीत ग, त्याखाली ओठ ताणून म्हणायचा 'उ', तळाला ल. तिसरीत ल आणि इ. दोन वेळा 'ल' कशाला? कोरियनमध्ये र आणि ल यांना एकच अक्षर आहे; दोन स्वरांमध्ये ते एकटं आलं की 'र' ऐकू येतो. एकच लिहिलं तर 'सांगुरी' होईल.

तुमच्या कऱ्हाडचा 'ऱ्ह' तिथे मिळणार नाही. खा-रा-द अशा तीन चौकटी होतील, आणि शेवटच्या 'द'ला आधार म्हणून तोच ओठ ताणलेला 'उ' द्यावा लागेल.

चंद्र, मुखवटा आणि मुलगी यांचे कोरियन शब्द मला एकसारखेच ऐकू येतात. कान कसा तयार करावा?
– गायनाची विद्यार्थिनी, मिरज

दाल म्हणजे चंद्र, थाल म्हणजे मुखवटा, त्ताल म्हणजे मुलगी. मराठी माणूस इथे अडतो, कारण तो 'त' आणि 'द'मधला फरक शोधत बसतो. आपल्याकडे घोष-अघोष (म्हणताना गळा घुमतो की नाही) या फरकाने अर्थ बदलतो. कोरियनमध्ये तो फरक अर्थाच्या कामाचा नाही. तिथे तीन जाती आहेत : सैल, महाप्राण आणि ताठ.

सैल 'ग' शब्दाच्या सुरुवातीला अघोष आणि किंचित श्वास सोडून येतो, दोन स्वरांमध्ये आला की आपल्यासारखा स्पष्ट 'ग' होतो. 'गोगी' म्हणजे मांस; त्यात अक्षर एकच, पण पहिला 'ग' 'क'कडे झुकलेला आणि दुसरा चक्क 'ग'. बुसान शहराचं नाव पूर्वी रोमन लिपीत 'प'ने लिहीत आणि २०००च्या नव्या पद्धतीत 'ब'ने लिहू लागले, त्याचंही मूळ इथेच आहे.

महाप्राण आपल्या ख, थ, फ यांच्यासारखे; फक्त 'फ' दोन्ही ओठ मिटून म्हणा, दात लावू नका. ताठ उच्चाराला आपले साधे क, त, प सगळ्यात जवळचे. ते गळा आवळून, श्वास अजिबात न सोडता म्हणायचे.

ओठांपुढे कागदाची पातळ पट्टी धरा. 'थाल'ला ती जोरात हलेल, 'दाल'ला थोडी, 'त्ताल'ला जवळजवळ नाहीच. पण तुमच्यापाशी याहून मोठं साधन आहे. आजच्या सेऊलच्या बोलीत, विशेषतः तरुणांच्या, दाल आणि थाल यांतला श्वासाचा फरक कमी होत चालला आहे आणि त्याची जागा स्वराच्या उंचीने घेतली आहे. 'दाल' खालच्या पट्टीत सुरू होतो. 'थाल' आणि 'त्ताल' वरच्या. तानपुरा लावून सा धरा. 'दाल' त्याच्या खालून उचला, बाकी दोन वरून. मग हीच परीक्षा बुल (आग), फुल (गवत), प्पुल (शिंग) या तिघांवर करा. स्वर धरणाऱ्या मिरजेच्या कानाला हा फरक सापडायलाच हवा.

लिहिलेलं एक आणि वाचायचं दुसरंच. हे नियम पाठ कसे करायचे?
– वाचक, तासगाव

पाठ करू नका. शाळेतला व्यंजनसंधी आठवा. वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ. कोरियनमध्ये हेच रोज घडतं. 'हानगुक' म्हणजे कोरिया, 'माल' म्हणजे बोली. जोडून लिहिताना 'क' तसाच राहतो, उच्चार मात्र 'हानगुङ्माल'. आभार मानताना लिहितात 'हाप्-नि-दा', म्हणतात 'हाम्निदा'. पुढे न किंवा म आला की मागचा स्पर्श (क, त, प) आपल्याच वर्गाचा अनुनासिक होतो. नियम एवढाच.

दुसरा नियमही ओळखीचा आहे. चौकटीच्या तळाशी कोणतंही व्यंजन लिहिलेलं असो, शब्द तिथेच थांबला तर उच्चार सातच : क, न, त, ल, म, प, ङ. 'फूल' या शब्दाच्या शेवटी 'छ'चं अक्षर असतं, पण एकटा असला की तो 'क्कोत'. पुढे स्वर आला की मूळ ध्वनी परततो : 'क्कोछी'. संस्कृतात वाच् एकटा असताना वाक् होतो आणि वाचा म्हणताना 'च' परत येतो, तसंच हे. उच्चार बदलला तरी शब्दाचं मूळ रूप लेखनात टिकवायचं हे १९३३च्या लेखननियमांनी पक्कं केलं.

इथे घात होतो तो एकाच सवयीने. शेवटचा क, त, प आपण फोडून म्हणतो. कोरियनमध्ये तोंड मिटायचं किंवा जीभ टेकवायची आणि तिथेच थांबायचं, हवा सोडायची नाही.

माझं शिक्षण मराठीतून झालं, इंग्रजी कच्चं आहे. पुस्तकं इंग्रजीतून मिळतात. जमेल का? परीक्षा कशी असते?
– तरुण, जत

जमेल, आणि आम्हाला वाटतं की वाक्यरचनेत तुम्ही इंग्रजीतून शिकणाऱ्याच्या पुढे असाल. कर्ता, कर्म, क्रियापद हाच क्रम. आपले विभक्तिप्रत्यय नामाला मागून चिकटतात, त्यांचेही तसेच. 'खाऊन बघा' याला कोरियन 'मॉगॉ बोसेयो', आणि त्यातलं 'बो-' म्हणजे खरोखरच बघणे. 'करून दे'मध्ये देण्याचंच क्रियापद, 'करून टाक'मध्ये टाकून देण्याचं. इंग्रजी पुस्तक हे समजावायला पान खर्च करतं; तुम्ही मराठी वाक्य शेजारी लिहा आणि पुढे जा. क्रियापदाला लिंगही नाही. मानाची रूपं मात्र आपल्या तू-तुम्ही-आपणपेक्षा बरीच गुंतागुंतीची आहेत. सुरुवातीला 'यो'ने संपणारं रूप सगळ्यांशी चालतं.

रोमन लिपीवर विसंबू नका. सेऊल हा शब्द तिथे 'सॉ-उल' असा दोन अवयवांचा आहे; रोमन स्पेलिंगमधून तो कधी 'सेऊल' होतो, कधी 'सोल'. देवनागरीत उच्चार लिहिलात तरी आठवडाभरात ती ओळ पुसा, नाहीतर डोळा तिच्यावरच जातो.

सर्वांत जास्त चुका अंकांत होतात, कारण अंकांचे दोन संच आहेत. साडेतीन वाजले असं सांगताना तास देशी अंकाने (से शी), मिनिटं चिनी मुळाच्या अंकाने (साम-शिप बुन). पहिल्या महिन्यापासून रोज घड्याळ बघून मोठ्याने म्हणा.

परीक्षेचं नाव टोपिक. पहिल्या गटात लेखन नसतं : ऐकण्याचे ३० प्रश्न ४० मिनिटांत, वाचनाचे ४० प्रश्न ६० मिनिटांत, एकूण गुण २००. ८० मिळाले की पहिली पातळी, १४० मिळाले की दुसरी. तिसरी ते सहावी पातळी दुसऱ्या गटात येते, तिथे लेखन असतं आणि गुण ३००. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जाची तारीख पाहून मग परीक्षेचा फॉर्म भरा.