नाव तुझं, सहीही तुझीच

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवाणखान्यात मंडळी बसली होती, तू चहाचे कप उचलत होतीस आणि तुझ्यादेखतच ठरलं, "बाईची जागा आहे, नाव हिचं देऊ, कामाचं आम्ही बघून घेऊ." महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहू की नको, असं तू विचारतेस. उभी राहा. पण ते "आम्ही बघून घेऊ" आजच मोडून काढ, निवडून आल्यावर ते मोडणं फार कठीण जातं.

आपल्या वडोदऱ्यात महापालिकेचे १९ वॉर्ड आहेत आणि प्रत्येक वॉर्डाचे चार कॉर्पोरेटर, म्हणजे सभागृहात ७६ जण. चारांपैकी दोन जागा बायकांच्या. हे आपोआप झालेलं नाही. १९९३ मध्ये ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हा शहरांच्या कारभारात बायकांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि पुढे गुजरातने त्या वाढवून एकूण जागांच्या निम्म्या केल्या. जिथे राखीव जागा नाहीत तिथलं चित्र बघ. २०२२ च्या निवडणुकीत गुजरात विधानसभेच्या १८२ जागांवर बायका निवडून आल्या फक्त १५. लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली खरी, पण ती अमलात येणार जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. तोवर तुझ्यासारखीला दार उघडं आहे ते वॉर्डाचंच.

"राखीव जागेवर जाणं म्हणजे कमीपणा नाही का?" हे तुझं वाक्य मला लागलं. ज्या हंसा मेहता लायब्ररीत बसून तू परीक्षा दिल्यास, त्या हंसाबेननीही १९४६ च्या डिसेंबरात संविधान सभेत सांगितलं होतं की आम्ही बायकांनी राखीव जागा कधी मागितल्या नाहीत, आम्हाला न्याय हवा. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सगळे 'पुरुष' जन्मतः स्वतंत्र असं लिहिलं जाणार होतं, तिथे सगळी 'माणसं' असा शब्द यावा म्हणून झगडल्या त्या याच. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. तरी या एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. त्या बडोदा संस्थानाच्या दिवाणांच्या लेक, विलायतेत शिकलेल्या. त्यांना सभेत जायला कुणी अडवलं नव्हतं. पुढची पन्नास वर्षं न्यायाची वाट पाहण्यात गेली आणि साध्या घरातल्या बायका बाहेरच राहिल्या. तेव्हा कमीपणा मानू नकोस. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसकट. त्या सक्तीने शिकलेल्या मुलींचं शिक्षण कुणी खोटं म्हटलं नाही.

आता माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते, आजवर कुणाला सांगितली नाही. दांडिया बाजारातून रोज बसने मी एका लहान नगरपालिकेत जायचे, हिशेब खात्यात. राखीव जागांवर बायका पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. त्यांतल्या एकीचा नवरा दर सभेआधी खिडकीशी यायचा, अजेंडा मागायचा, आणि मी देऊन टाकायचे. वर्षभर दिला. चूक माझी होती, कागद तिच्या नावाचा होता. ती सभेत शेवटच्या खुर्चीवर बसायची, सगळ्यांचे हात वर गेले की तिचाही जायचा.

एका दुपारी ती एकटीच माझ्या टेबलाशी आली. हातात घडी घालून मऊ झालेला कागद. हळूच म्हणाली, "बेन, आमां शुं लख्युं छे?" म्हणजे यात काय लिहिलंय? तिला वाचता येत होतं, रकान्यांची भाषा कळत नव्हती. मी आवक कुठली, खर्च कुठला, मंजूर किती, झाला किती, हे बोट ठेवून दाखवलं. तिचं बोट रस्त्यावरच्या दिव्यांच्या दुरुस्तीवर थांबलं. तिच्या गल्लीचं नाव होतं. पुढच्या सभेत ती उभी राहिली, पदर नीट केला आणि एवढंच विचारलं, "आमच्या गल्लीत पावसाळ्यापासून अंधार आहे, मग दुरुस्ती कुठल्या दिव्यांची झाली?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. बिल परत गेलं. त्यानंतर अजेंडा मी तिच्याच हातात द्यायला लागले. नवरा आला तर सांगायचे, बेनना पाठवा.

म्हणून तुला भाषणं शिकायला सांगत नाही. वाचायला शीक. जानेवारी-फेब्रुवारीत आयुक्तांचं अंदाजपत्रक आधी स्थायी समितीपुढे येतं, मग सभेपुढे. समितीत १२ जण असतात आणि पैशाचे बहुतेक निर्णय तिथेच होतात. बायकांना महिला-बालकल्याण देऊन वाटेला लावायची सवय आहे. ते काम चांगलंच आहे, पण तू स्थायी समिती माग, पाणीपुरवठा माग. सगळं कामकाज गुजरातीत चालतं. घरी आपण मराठी बोललो तरी तुझी शाळा गुजराती, तेव्हा तिथे तू अडणार नाहीस. निवडून येण्याआधीही माहितीच्या अधिकारात २० रुपयांच्या अर्जावर वॉर्डाच्या कामांची यादी मागता येते, ती आताच माग.

फोन तुझ्याच हातात राहू दे. लोकांना दिलेला नंबर नवऱ्याने उचलायला लागला की वॉर्ड महिन्याभरात त्याचा होतो. त्याच्याशी आधीच मोकळेपणाने बोल, तो समजूतदार मुलगा आहे. सभेच्या दिवशी पोरीला शाळेतून कोण आणणार, हेही त्याच वेळी ठरवा.

आणि खंडेराव मार्केटमध्ये एकदा सकाळी लवकर जा. तिथेच महापालिकेची कचेरी, आणि तिथेच फुलं-भाजी विकणाऱ्या बायका. पहाटेपासून बसलेली बाई लघवीला कुठे जाते, हे तिच्याशेजारी बसून विचार. हा प्रश्न सभेत पुरुषांच्या तोंडी मी क्वचितच ऐकला.

रविवारी चारनंतर ये. गेल्या वर्षीचं अंदाजपत्रक मी मिळवून ठेवलंय. पेन्सिल आण, आणि पोरीलाही घेऊन ये, तिच्यासाठी शेव करून ठेवते.

तुझी,
मावशी