जॉश टिलमनने फ्लीट फॉक्सेस हा अमेरिकी फोक बँड सोडून एकट्याने नाव कमावलं. साधा ड्रमर असूनही त्याला हे कसं जमलं? आम्हीही बँड सोडावा का?

'साधा ड्रमर असूनही' वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. मी बरीच वर्षं एका फोक बँडमध्ये ड्रम्स वाजवलेत, हा सूर माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

टिलमन २००८ मध्ये फ्लीट फॉक्सेसमध्ये आला, त्याच्या आधीच 'जे. टिलमन' नावाने त्याचे स्वतःचे अल्बम निघालेले होते. गाणी लिहायचा, गिटार घेऊन गायचा, ऐकणारे मात्र मोजके. बँडचा गाजलेला पहिला अल्बम त्याच्या येण्याआधीच रेकॉर्ड झालेला, त्यावर ड्रम्स दुसऱ्याचे आहेत. म्हणजे हा मुळात गीतकार, ड्रम्स ही नोकरी. २०१२ च्या जानेवारीत ती सोडली आणि त्याच वर्षी 'फादर जॉन मिस्टी' या नावाने पहिला अल्बम आला.

नोकरी म्हणतो, कारण फ्लीट फॉक्सेसची गाणी त्यांचा गायक रॉबिन पेक्नोल्डची. अमेरिकेत साध्या (एएम-एफएम) रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकार-संगीतकार आणि प्रकाशकाला मिळतात. रेकॉर्डवर वाजवणाऱ्याला आणि गाणाऱ्यालाही त्यातला छदाम मिळत नाही. श्रेयनामावलीत नाव कुठे छापलंय, यावर म्हातारपण ठरतं.

आमच्याकडे हे कुणी बोलायचंच नाही. एकदा तालमीत मी एक धून घेऊन गेलो. गायक उशिरा यायचा, तोवर मी बास ड्रममध्ये घोंगडी कोंबून, स्नेअरच्या कातड्यावर चिकटपट्टी लावून आवाज बसवत होतो आणि तोंडाने ती गुणगुणत होतो. तो आला, दारात उभा राहून ऐकलं आणि म्हणाला, "तू ठेका धर रे, चालीचं मी बघतो." सगळे हसले. मीही हसलो, कारण पुढच्या आठवड्यात कार्यक्रम होता. अल्बम निघाला तेव्हा तीच चाल धृपदात होती, जशीच्या तशी, फक्त एक सूर खाली. छापलं होतं : शब्द आणि संगीत, त्याचं एकट्याचं. विचारलं तर म्हणे, "आपण कुटुंब आहोत, कुटुंबात हिशोब करतात का?" हिशोब करतात. कुटुंबातच सगळ्यात जास्त करतात. बासवाला त्या दिवशी माझ्या शेजारी बसून ट्यूनिंग करत होता, सगळं ऐकलेलं, आणि नंतर त्याला काही आठवेना.

त्यामुळे टिलमन 'कृतघ्नपणे निघून गेला' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. दुसऱ्याच्या गाण्यांना प्रामाणिकपणे साथ केली, मग स्वतःची घेऊन निघाला. यात कृतघ्नपणा कसला?

जमलं कसं म्हणाल, तर आवाज बदलल्यामुळे. जे. टिलमनची गाणी संथ, उदास. स्टेजवर मात्र गाण्यांपेक्षा मधल्या बडबडीला दाद जास्त मिळते हे त्याच्या लक्षात आलं आणि तोच खवचट, स्वतःवरही हसणारा माणूस त्याने गाण्यात आणला. बहुतेकांना हे जमत नाही, कारण स्वतःच्या दुःखावर त्यांचं फार प्रेम असतं. (आमच्या गायकाचं तर होतंच.)

हां, एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तो काही उघड्यावर पडला नव्हता. नवा अल्बम सब पॉपनेच काढला, फ्लीट फॉक्सेस ज्या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीकडे) होते त्याच. बँडमुळे नाव कानावर पडलेले श्रोतेही होते. अमेरिकी गायक-गीतकार जस्टिन व्हर्ननचं उदाहरण जास्त खडतर आहे : २००६ मध्ये त्याचा बँड फुटला, हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये एकटा बसून रेकॉर्डिंग केलं, २००७ मध्ये स्वतःच काढलं, आणि बॉन आयव्हर म्हणून २०१२ मध्ये नवोदित कलाकाराचं ग्रॅमी घेतलं. पण केबिनमध्ये बसलेल्या बाकीच्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, हेही खरं.

बँड सोडावा का, ते तुमचं तुम्ही ठरवा. राहणार असाल तर प्रत्येक गाण्याला कुणाचा किती वाटा, ते रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. "आपल्यात कागद कशाला" असं जो म्हणेल, त्याच्याकडून सगळ्यात आधी घ्या. आणि धून सुचली की मोबाइलवर तारखेसकट रेकॉर्ड करून ठेवा, तालमीत गुणगुणत बसू नका.