सायकल १८ हजारांची, टायर साडेसहा हजारांचे

प्रश्न: धायरीहून कॅम्पातल्या ऑफिसला रोज सायकलने जाते. एका बाजूचे ११ किलोमीटर, त्यातले तीनेक कालव्याकडेच्या मातीच्या वाटेचे. जून-जुलै सोडले तर महिन्याला दोन पंक्चर ठरलेली, दिवाळी ते संक्रांत जरा जास्तच. चारातली तीन मागच्या चाकाला. पंक्चर काढायचे ५० रुपये, वर्षाला २५० रुपयांच्या चार ट्यूब, आणि त्या दिवशी रिक्षा करावी लागते तिचे २२० रुपये. १,३०० ची साधी टायरजोडी १४ महिने चालली. दुकानदार श्वाल्बे मॅरेथॉन प्लस या पंक्चर कमी होणाऱ्या टायरची जोडी ६,६०० ला देतोय, सहा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर. घरचे म्हणतात, सायकलच १८ हजारांची, डोकं फिरलंय का? घेऊ का?

उत्तर: सायकलच्या किमतीशी टायरची तुलना करण्यात अर्थ नाही. सायकल घेऊन झाली, ते पैसे गेले. तुलना करायची ती टायर न घेता वर्षभरात जे जाणार आहे त्याच्याशी. तुम्ही आकडे इतके चोख दिलेत की माझं अर्धं काम तिथेच झालं.

सध्याचा वर्षाचा खर्च मांडू. २० पंक्चरांचे १,०००, ट्यूबचे १,०००, साध्या टायरचे वर्षाला १,१०० च्या आसपास आणि रिक्षाचे ४,४००. एकूण साडेसात हजार. आता यात सगळ्यात मोठी रक्कम कुठली ते बघा. तुमचे पैसे काटा खात नाहीये, रिक्षा खातेय. टायरचा विचार करण्याआधी मला हेच दिसतं.

म्हणून पहिली खरेदी टायरची नाही. छोटा हातपंप, टायर काढायच्या दोन पट्ट्या, एक जादा ट्यूब, आणि चाकाला नट असतील तर १५ नंबरचा पान्हा. हे सगळं सातशेच्या आत-बाहेर बसेल. वाटेत ट्यूब बदलायची, भोक पडलेली ट्यूब संध्याकाळी पंक्चरवाल्याकडे टाकायची. रिक्षा बंद झाली की तोच वर्षाचा हिशेब पंप-पट्ट्यांसकट ३,८०० वर येतो. हात काळे होतात, हे मान्य. डब्याच्या पिशवीत जुना रुमाल ठेवा.

मग महागड्या टायरचं काय? त्याआधी पंक्चर कशाने होतं ते तपासायला हवं. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं असतील, तर हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली गेलीय. भोक आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप, म्हणजे रिमच्या आतून लावलेली पट्टी, सरकलीय. या दोन्हींवर ३,३०० चा टायर काही करत नाही, आठवड्याला हवा भरणं करतं. पण तुमची पंक्चर दिवाळीनंतर वाढतात, आणि हे मला पटण्यासारखं आहे. पावसाळ्यात मातीच्या कडेला पसरलेला सराटा तेव्हा वाळतो आणि त्याची काटेरी फळं वाटेवर येतात. या टायरमध्ये नक्षीच्या खाली ५ मिलिमीटर जाडीचा रबरी थर असतो, तो सराट्याला बहुतेक वेळा पुरून उरतो. वेड्या बाभळीचा लांब काटा मात्र आत जाऊ शकतो. आणि टायरची बाजू पातळच असते. तिथे काच लागली तर स्वस्त काय नि महाग काय, दोन्ही सारखेच जातात.

आता आकडेमोड. मी धरलंय की टायर दोन वर्षं चालेल आणि त्या चाकाची पंक्चर पाव भागावर येतील. ही अटकळ आहे, पण मुद्दाम सावध ठेवलीय. पंप-पट्ट्या धरून पूर्ण जोडी घेतलीत तर वर्षाचा खर्च ४,५०० च्या घरात. फक्त मागचा घेतलात तर ३,८५०. म्हणजे टायर न घेता नुसती ट्यूब बदलत राहण्याइतकाच, फक्त रस्त्याकडेला बसायची वेळ २० वरून ९ वर येते. पुढच्या टायरचे जादा पैसे जेमतेम चार पंक्चर वाचवतात. मी तुमच्या जागी असतो तर मागचा एकच घेतला असता. वजनदार टायर आहे, दोन्ही चाकांना लावले तर चढावर पायांना कळतं, तेही टळेल.

ईएमआय नको. नो कॉस्ट म्हणताना बँक बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी लावते, आणि व्याज सवलतीत वळतं केलं तरी त्यावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच बिलात येतो. रक्कम किरकोळ आहे, पण ३,३०० रुपयांसाठी सहा महिने कार्डाची मर्यादा अडवून काय मिळवायचं? या महिन्यात पंप-पट्ट्या घ्या. रिक्षाचे महिन्याला ४४० वाचतील, ते बाजूला टाकत जा. दिवाळी जवळ आली असेल तर थोडे खिशातले घाला, सराटा आपल्यासाठी थांबत नाही. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेला मात्र यासाठी हात लावू नका.

पैसे देण्याआधी जुन्या टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वाचा. ३७-६२२ असा काहीसा असेल. यातला ६२२ महत्त्वाचा, तो रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास मिलिमीटरमध्ये. याच मापाला ७०० सी म्हणतात आणि परदेशी टायरवर ते २८ इंच म्हणूनही छापलेलं असतं. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींचं २८ इंच मात्र ६३५ चं, ते तुमच्या रिमवर बसणार नाही. इंचावर जाऊन ऑनलाइन मागवलेला टायर परत पाठवत बसलेले लोक मी पाहिलेत.

आणि हा टायर कडक असतो, पहिल्यांदा रिमवर चढवताना नाकी नऊ येतात. रविवारी घरी दोनदा काढून-घालून बघा, पहिला प्रयोग सकाळी साडेआठला कालव्याकडेला नको.