तांब्याच्या पाइपच्या जोडाला डाख का धरत नाही?

आपण लिहिले आहे की, जुन्या पाइपला नवे कपलिंग (दोन पाइप जोडणारा नळीसारखा तुकडा) जोडताना बराच वेळ ज्योत धरूनही डाख, म्हणजे सांध्यात वितळवायचा धातू (सोल्डर), आत न शिरता गोळ्या होऊन खाली पडत होता आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद असूनही पाइपच्या तोंडाशी अधूनमधून थेंब येत होता. त्या थेंबातच आपल्या अडचणीचे मूळ आहे असे मला वाटते. उघड्या पाइपमधले पाणी 100 अंश सेल्सिअसच्या पुढे तापत नाही, तर शिसे नसलेला डाख साधारण 220 ते 230 अंशांच्या आसपास वितळू लागतो. म्हणजे जोडाजवळ पाणी आहे तोवर ज्योतीची उष्णता त्याची वाफ करण्यातच खर्च होते. त्यामुळे आधी सर्वांत खालचा नळ उघडून पाइप पूर्ण रिकामा करावा आणि काम संपेपर्यंत एखादा नळ उघडाच ठेवावा, कारण कोंडलेली वाफ वितळलेल्या डाखातून वाट काढते व तिथे सुईच्या टोकाएवढे भोक राहते.

दुसरी शक्यता सफाईची. पाइपचे टोक बाहेरून आणि कपलिंग आतून पॉलिश पेपरने नव्या तांब्यासारखे चकचकीत होईपर्यंत घासावे, कापताना आलेली कोर काढावी, मग त्या जागी बोट न लावता फ्लक्सचा (तांबे स्वच्छ ठेवून डाख पसरू देणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्यावा. डाख केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जातो तसा, आत शिरतो आणि काळपट थरावर तो पसरतच नाही.

ज्योत मात्र डाखावर कधीही धरू नये. सुरुवातीला मी नेमके तेच करत असे. असा एक गळका जोड मी नंतर उभा चिरून पाहिला, तेव्हा बाहेर डाखाचे सुरेख कडे होते, आत मात्र कोरडे तांबे आणि जळून काळा पडलेला फ्लक्स एवढेच दिसले. ज्योत कपलिंगच्या फुगीर भागावर फिरवत ठेवावी, डाखाची तार विरुद्ध बाजूने सांध्याला टेकवून पाहावी आणि ती आपोआप वितळली की ज्योत बाजूला घ्यावी; डाख उष्णतेच्या दिशेने धावतो आणि कडेभोवती चांदीसारखी बारीक रेघ उमटते. 15 मिलिमीटरच्या पाइपला साधारण तेवढीच लांब तार पुरते. त्यानंतर डाख घट्ट होईपर्यंत जोड हलवू नये, ओल्या फडक्याने एकदम गारही करू नये.

मागे लाकूड असल्यास अग्निरोधक चटई लावावी आणि पाण्याची बादली हाताशी असावी. व्हॉल्व्हच थेंब सोडत असेल आणि पाइप कोरडा होतच नसेल, तर हट्ट न धरता तिथे कॉम्प्रेशन फिटिंग (नट आवळून घट्ट बसवायचा जोड) बसवावे. त्याला ज्योत लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या पाइपवर जुना शिसेयुक्त डाख, तो कितीही सहज वितळत असला तरी, कृपया वापरू नका.